चावी सासऱ्याकडं, सही सुनेकडं

आमच्या जुन्या पिकअपचं इंजिन लोह्याच्या पुढं चढावर बसलं, तेव्हा हौद्यात अर्धापूरच्या केळीचे घड भरलेले होते. दुसरी गाडी बोलावून माल हलवेपर्यंत उन्हानं केळी काळी पडली. मेस्त्रीनं बॉनेट उघडून आत पाहिलं आणि परत लावलं. "हिच्यावर आता खर्च करू नका," एवढंच म्हणाला.

केळी वाहणं हाच आमचा धंदा. गाडी नसली की व्यापारी दुसऱ्याला फोन करतो, आणि मग त्यालाच करत राहतो. त्यामुळं लगेच गाडी बघणं भाग होतं. नवी घ्यायची ऐपत नव्हती. जुनीच, पण लांब हौद्याची, माल पेलणारी आणि वाटेत दगा न देणारी हवी होती.

बायको म्हणाली, "ह्या वेळी मीबी येते. मागं तुम्ही नुसता रंग बघून आलात."

नांदेडला बायपासच्या कडेला जुन्या गाड्यांचं एक आवार आहे. तिथली पहिली गाडी आरशासारखी चमकत होती आणि मीटरवर किलोमीटर अगदी कमी होते. पण क्लचच्या पॅडलचं रबर झिजून खालचं लोखंड उघडं पडलं होतं, म्हणजे मीटर मागं फिरवलेलं. दुसरीत बायकोनं पायाखालची मॅट उचलली, सीटच्या रुळात नख घातलं आणि सुकलेला गाळ काढून दलालापुढं धरला.

"शेतातली माती हाय, वहिनी," दलाल म्हणाला.

"शेतातली माती टपाच्या कापडाला कशी लागली?"

तो हसला आणि पुढच्या गाडीकडं वळला. कुठल्याशा पुरात बुडालेली गाडी होती ती. आम्ही तिथून निघालो.

पुढं एका केळीच्या व्यापाऱ्यानं पत्ता दिला. चाकूरच्या पुढं, लातूरच्या रस्त्याला लागूनच एक घर, शेजारी पत्र्याचं शेड. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेला एक म्हातारा खाटेवर बसला होता. आम्हाला बघून तो उठला, शेड उघडलं आणि बाजूला उभा राहिला. एका शब्दानं गाडीचं कौतुक केलं नाही.

मी आधी बॉनेटवर हात ठेवला. गार होतं, म्हणजे आम्ही यायच्या आधी कुणी गाडी तापवून ठेवली नव्हती. पहिल्या सेल्फला चालू झाली. ऑइलचं झाकण काढलं तर धूर नाही. खाली झोपून चेसीस पाहिली, कुठं वेल्डिंग नाही. चारी टायर सारखे झिजलेले. रस्त्यावर नेऊन ब्रेक मारला तर सरळ रेषेत उभी राहिली. इतक्या वर्षांत इतकी निगुतीनं ठेवलेली गाडी मी पाहिली नव्हती.

परत आलो तेव्हा बायको पाणी प्यायला घरात गेली होती. मी म्हाताऱ्याला विचारलं, "काका, अशी गाडी का विकताय?"

"चालवणारा राहिला न्हाई."

मग त्यानं सांगितलं. पोरगा एकुलता. माल टाकून परत येताना टायर पंक्चर झालं, म्हणून गाडी कडेला घेऊन चाक बदलत बसला होता. मागून काहीतरी आलं आणि त्याला उडवून निघून गेलं. ट्रक होता का कार, ते आजवर कळलं नाही. "गाडीला ओरखडाबी न्हाई," म्हातारा म्हणाला. "ह्या भागातलं कुणी हात लावंना. लोक म्हणतेत, धन्याला खाल्लं हिनं."

मला गाडी हवी होती. अपशकुन वगैरे मी मानत नाही, आणि तिच्यासारखी दुसरी मिळणार नाही हे मला कळत होतं. कागदांची चौकशी केली. गाडी पोराच्याच नावावर होती, म्हणजे वारस म्हणून सुनेची सही लागणार.

"करंल ती," म्हातारा म्हणाला.

तेवढ्यात आतून माझी बायको बाहेर आली आणि तिच्या मागं ती सून. तिशीच्या आतली असेल. पदराला धरून एक लेकरू, दुसरं कडेवर. ती माझ्याशीच बोलली.

"भाऊ, गाडी चांगली हाय, खोटं सांगत न्हाई. पण मला विकायची न्हाई. ह्यांनी मला शिकवायला घेतलं होतं. गिअर टाकता येतेत. रिव्हर्स तेवढा राहिला."

"घरात जा," म्हातारा म्हणाला.

"घरात बसून काय करू, मामा? लेकरं काय खातील?"

"एक त्या चाकापाशी गेला. आता तुला पाठवू?"

आवाज कुणीच चढवला नव्हता. म्हाताऱ्यानं चावी माझ्या हातातून घेतली, खिशात टाकली आणि वरून हात दाबून धरला. आमच्यासाठी आणलेला चहा तसाच राहिला.

वाटेत मी बायकोला म्हटलं, "तो म्हातारा सही घेईल तिची."

"घेऊ दे. आपण ती गाडी आणणार न्हाई."

"अशी गाडी परत मिळायची न्हाई."

"न मिळू दे."

मग उदगीरहून एक घेतली. इंजिन धडधाकट, पण तिसरा गिअर हातानं धरून ठेवावा लागतो, नाहीतर निसटतो. तिच्यावरच आजवर धंदा चालला आहे.

लातूरला जाता-येता ते शेड दिसायचं. आधी गाडी धुतलेली असायची. पुढं तिच्यावर धूळ साचली, मग एक टायर बसलं. माझ्या बायकोनं त्या सुनेचा नंबर घेऊन ठेवला होता, त्यामुळं कळत राहायचं. ती लेकरं घेऊन लातूरला गेली होती, भाड्याच्या खोलीत राहून डाळमिलमध्ये कामाला जात होती. सही तिनं केली नव्हती. "चावी द्या म्हणावं, उद्या येते," असं ती फोनवर म्हणाली. मी थांबून म्हाताऱ्याला निरोप दिला.

"चावी दिली," तो म्हणाला, "अन् परत तसाच फोन आला, तर मी कसा उचलू?"

मी परत गाडीत बसलो.

त्या वर्षी पावसाळ्याच्या आधीच्या वादळात शेडचे पत्रे उडाले. ते त्यानं परत बसवले नाहीत. गाडी सगळा पावसाळा उघड्यावर भिजली. दिवाळी झाल्यावर एकदा त्यानंच हात करून मला थांबवलं. आधीपेक्षा वाळला होता. एकटा होता.

"तिला बोलव," म्हणाला. "चावी घिऊन जा म्हणावं."

ती रविवारी आली. मी अहमदपूरहून एक मेस्त्री आणि चार्ज केलेली बॅटरी घेऊन गेलो. बॉनेटच्या आत उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या. मेस्त्रीनं त्या जोडल्या. म्हाताऱ्यानं चावी सुनेच्या हातात दिली, तेव्हा दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही.

ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. क्लच दाबला, गिअर हलवून न्यूट्रल आहे का पाहिलं, अगदी शिकवल्यासारखं, आणि चावी फिरवली. कट असा एक आवाज झाला. परत फिरवली. परत तेच. मेस्त्रीनं खाली वाकून, पाना लावून इंजिन फिरवायचा प्रयत्न केला आणि मान हलवली. पाणी आत जाऊन सगळं जाम झालं होतं. नीट करायचं म्हटलं तर गाडीच्या किमतीहून जास्त जाणार होतं.

ती तशीच बसून राहिली. स्टिअरिंगवरची धूळ तिनं पदरानं पुसली, मग खाली उतरली.

"सही कुठं करायची?" तिनं विचारलं.

पुढच्या आठवड्यात एक भंगारवाला गाडी ट्रकमागं बांधून ओढत घेऊन गेला.

त्या रविवारी सही झाल्यावर मी तिला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला निघालो होतो, पण म्हाताऱ्यानं तिची पिशवी उचलली, म्हणून मी मागं राहिलो. दोघं एसटीची वाट बघत लिंबाखाली उभे होते, मध्ये दोन हात अंतर ठेवून. एसटी लांबून दिसली तेव्हा त्यानं विचारलं, "सुट्टीत लेकरं आणशील का?"

"बघते," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातून पिशवी घेतली.