शकुनबाईंची जाळी

शकुनबाई चहा चालता चालता प्यायच्या. हातात स्टीलचा पेला आणि घरापासून गोठ्यापर्यंत येरझारा. ब्रह्मपुरीजवळच्या त्यांच्या गावी मी शाळेत रुजू झाले आणि त्यांच्याकडेच भाड्यानं राहिले. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "बाई, बसा ना." त्या म्हणाल्या, "बसलं का डोक्यात किडे वळवळते माह्या. तू बस."

त्या उपकेंद्रात नर्स होत्या. निवृत्ती जवळ आली होती आणि तिचीच त्यांना धास्ती. घरात त्या आणि त्यांचे म्हातारे वडील. वडिलांना सारं गाव आबाजी म्हणे. आबाजींचं विसरणं दिवसेंदिवस वाढत होतं. पहाटे उठून ते बांधाकडे चालू लागत, आणि ती वाट जंगलाला लागून. त्या उन्हाळ्यात शेजारच्या गावची एक बाई मोहफुलं वेचायला गेली आणि वाघानं तिला नेलं. तेव्हापासून शकुनबाईंची झोप उडाली. काटेरी कुंपणातून आबाजी सहज वाट काढत.

"लोखंडी जाळी पायजे," त्या म्हणाल्या. "वाघ अंदर नाई, बाबा बाहेर नाई."

ब्रह्मपुरीतल्या राजूभाऊ वेल्डिंगवाल्याच्या बायकोचं बाळंतपण त्यांनीच केलेलं, म्हणून जाळीचं काम त्यालाच सांगितलं. तो दोनदा "उद्या येतो" म्हणाला. तिसऱ्यांदा खरं बोलला, "बाई, माही मशीन जड हाय, दुकानातून हालत नाई. अन् जाळी तर जागेवरच जोडा लागते."

"मंग हलकी मशीन कोनती, थे सांग. मीच शिकतो."

मला वाटलं, त्या रागानं बोलल्या. पण सकाळची ड्यूटी संपली की त्या रोज त्याच्या दुकानी उभ्या राहू लागल्या. गोठ्यातला एक कोपरा त्यांनी मशीनसाठी सारवून ठेवला. निवृत्तीनंतर करायला काम हवंच होतं, ते असं सापडलं.

मशीन घ्यायला मला सोबत ब्रह्मपुरीला नेलं. दुकानदारानं सगळ्यांत मोठी मशीन पुढे केली. "ही घ्या, आयुष्यभर पाहावं लागणार नाही."

"आमच्या गावात संध्याकाळी पंखाबी दमते. ही चालन का?"

"स्टॅबिलायझर लावा."

"म्हंजे बैलासाठी अजून एक बैल?" बाई दुकानभर फिरत होत्या. शेवटी एका छोट्या इन्व्हर्टर मशीनपाशी थांबल्या. विजेच्या कमी दाबावर चालणारी, एका हातानं उचलता येणारी. "बिघडली तर दुरुस्ती इथी का नागपूरले?" इथेच, असं कळल्यावर ती चालू करून दाखवायला लावली, पातळ रॉडनं दोन पट्ट्या जोडून घेतल्या, हातोडा मागून त्या ठोकल्या. मशीन छोटी घेतली, पण तोंडावरचा मुखवटा आणि चामडी हातमोजे चांगल्यातले. मी हटकलं तर म्हणाल्या, "मशीन सस्ती चालन. डोळे कुठी सस्ते भेटते?"

पहिले जोड दिसायला सुरेख झाले आणि हातोड्याच्या एका घावात सुटले. त्या चिडल्या, अंगणात फेऱ्या मारल्या, पुन्हा बसल्या. भरदुपारी विजेचा दाब बरा असे, म्हणून उन्हातच काम. पावसाच्या आधी जाळी उभी राहिली, तिच्या दाराला कुलूप लागलं. गाव बघायला आलं. बाईंचा चेहरा उजळला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आबाजी दारापाशी उभे. दोन्ही हातांनी गज धरलेले. शकुनबाई चहा घेऊन आल्या तर ते अगदी अदबीनं म्हणाले, "नर्सबाई, माही तब्येत बरी हाय आता. मले घरी जाऊ द्या."

बाई जागच्या जागी थांबल्या. पेला कलला, चहा पायावर सांडला, तरी हलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "कसं व? वाघासाठी केली का बापासाठी?"

कुलूप राहिलं. पण त्या दिवसापासून ऊन वर आलं की त्या ते काढत आणि काठी घेऊन आबाजींना बांधापर्यंत नेत. भरभर चालणाऱ्या बाई त्यांच्या पावलानं चालायला शिकल्या. आबाजी कधी त्यांना लेक म्हणत, कधी नर्सबाई. त्या दोन्हीला ओ देत. हिवाळ्यात आबाजी घरच्या खाटेवरच वारले.

पुढे माझी बदली वरोऱ्याला झाली. निघण्याच्या आदल्या दिवशी गावातली एक सून जाळी करून मागायला आली. तिची सासूही अशीच निघून जायची. शकुनबाई मला घेऊन तिच्या घरी गेल्या, मापाची टेप काढण्याआधी म्हातारीजवळ टेकल्या.

"आजी, सकाळी कुठी जाता तुमी?"

"तळ्यावर. बाया असते तिथी. बोलते माह्याशी."

बाईंनी माप घेतलं. मग सुनेला विचारलं, "रोज हिच्यासंगं तळ्यावर कोन जाईन?"

"सकाळी मले सैपाक असते, बाई," सून म्हणाली.

"थे पहिले ठरव," शकुनबाई उठत म्हणाल्या. "मंग मी मशीन घेऊन येतो."