वडे वगळायचे नाहीत

फलटणच्या मंगल कार्यालयात आज लग्न नाही, बायकांचा आरोग्य मेळावा आहे. डॉक्टर वृंदा देवस्थळींचं भाषण दुपारच्या चहानंतर. आयोजकांनी पोटभर जेवू घातलंय आणि ‘वधूपक्ष’ अशी पाटी असलेल्या खोलीत गादी टाकून दिलीय. लॅपटॉप उशाशी ठेवून वृंदा आडवी होते. विषय बायकांचा हृदयविकार, आणि त्यावर एकाहून एक सरस तक्ते. मागच्या महिन्यात याच तक्त्यांनी अख्खं सभागृह झोपवलं होतं. आज आपल्यालाच झोप येतेय, असं मनात येऊन तिला हसू फुटतं आणि पंख्याची घरघर लांब जाते.

गादीच्या कडेला शालनआत्या बसली आहे. आत्या जाऊन दोन वर्षं झाली हे वृंदाला पक्कं माहीत आहे, पण तिच्या तोंडावर ते बोलणं बरं दिसणार नाही.

‘‘हात पुढे कर,’’ म्हणत आत्या तिच्या तळहातावर कुंकवाच्या अक्षता ठेवते. श्रावणी शुक्रवारच्या कहाणीला द्यायची तशाच. कहाणी संपेपर्यंत मूठ सोडायची नाही, हा नेम. सांगताना आत्या पुस्तकात बघायचीच नाही, समोरच्यांच्या मुठींकडे बघायची. कुणाची सैल पडली, की तिथे राणीला रडवायची नाहीतर सासूला घसरून पाडायची.

‘‘सांग बघू तुझं भाषण.’’

वृंदा सांगू लागते. टक्केवारी, जोखमीचे घटक, लक्षणांचं वर्गीकरण. आत्याच्या कऱ्हाडच्या स्वयंपाकघरात दूध तापतंय आणि ओट्यापलीकडे खुर्च्यांच्या रांगा, बायकांनी भरलेल्या. एकेकीच्या मुठीतून तांदूळ गळतायत. वृंदाचाही हात सैल पडलाय. तिला स्वतःलाच कंटाळा आलाय.

‘‘हे कुणाला झालं गं?’’ आत्या विचारते.

‘‘कुणाला म्हणजे? बायकांना.’’

‘‘कुठल्या बाईला?’’

वृंदा सैल पडलेली मूठ आवळते. ‘‘तुला.’’

‘‘मग माझंच सांग की.’’

‘‘ते घरातलं आहे, आत्या. चारचौघांत तुला कशी उभी करू?’’

‘‘मला आता कसली लाज? उद्या त्यातली एखादी माझ्यासारखीच पित्त पित्त करत बसली, तर तुझे तक्ते येणार आहेत का तिला रिक्षात घालायला?’’

दोघी रिक्षात बसल्या आहेत. आत्याचा ब्लाउज घामाने भिजलाय, मांडीवर कोकम सरबताचा तांब्या आहे. रिक्षा जागची हलत नाही. आत्या गेली त्या दिवशी रिक्षा आलीच नव्हती. आत्याने कुणाला बोलावू दिली नव्हती.

‘‘सांगते,’’ वृंदा म्हणते. ‘‘जबडा दुखत होता, पाठ भरून आली होती, घाम फुटला होता, सगळं सांगते.’’

‘‘आणि वडे?’’

‘‘वडे नकोत गं. हसतील.’’

‘‘हसू देत. सकाळी दोन बटाटेवडे खाल्ले, म्हणून तर मला पित्त वाटलं. वडे वगळलेस तर मी नुसती वेडी ठरेन. आणि हसलेली बाई पुढचं ऐकते.’’

इतके दिवस अडवून धरलेलं वृंदाच्या तोंडून निघून जातं. ‘‘मला फोन का नाही केलास?’’

‘‘बायका कहाणीला बसल्या होत्या. अर्ध्यात कशी उठू?’’ आत्या तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटते. हात चांगले ऊबदार आहेत. ‘‘तू मात्र त्यांना सांग, अर्ध्यात उठा म्हणून.’’

‘‘मॅडम, चहा,’’ दारावर टकटक होते.

वृंदा उठून बसते. गाल ओले आहेत आणि उजवी मूठ घट्ट मिटलेली. उघडते तर तळहातात रुतलेले तांदूळ, कुंकवाने लाल. लग्नाचं कार्यालय आहे, गादीत असायचेच, असं ती स्वतःला बजावते. मूठ मात्र ती पुन्हा मिटते आणि लॅपटॉप उशाशीच ठेवून बाहेर पडते.

‘‘माझ्या शालनआत्याने त्या शुक्रवारी सकाळी दोन बटाटेवडे खाल्ले होते,’’ ती माइकवर सांगते. हशा पिकतो. ती तो ओसरू देते.

‘‘आता पुढचं ऐका. आणि ऐकता ऐकता कुणाच्या पाठीत कळ आली, घाम फुटला, तर माझी गोष्ट अर्धी टाकून उठायचं.’’