शेवंताच्या बिड्या

नवऱ्याला सांगितलं नाही, लेकींना नाही, देवापुढंसुद्धा तोंड उघडलं नाही. तुला सांगते. मध्ये बोलू नकोस — एकदा थांबले की पुन्हा जमायचं नाही.

बहात्तरचा दुष्काळ. गाव सोडून आम्ही नगरात एका खोलीत आलो. हे हमाली करायचे, मी घरी बिड्या वळायचे. पाण्याची रांग, भाकऱ्या, धुणं, सासऱ्यांचं पथ्य — मरायलाही सवड नव्हती. पण दुपारी सूप मांडीवर घेतलं, की बोटं आपली वळत राहायची आणि मन मोकळं. मग मनानं काय करायचं? मी घर बांधायचे. केडगावात, दोन खोल्यांचं. रोज, नेमानं. आज खिडकी, उद्या नळ, परवा आरसा. इतकं स्वच्छ दिसायचं, की नळाची तोटीसुद्धा हाताला गार लागायची. त्या घरात मी आणि हे. तिसरं कुणी नाही.

आणि समोर बसलेली असायची शेवंता — माझी धाकटी नणंद. काष्टीला दिलेली, नवऱ्यानं मारून मारून अर्धी केलेली, भावाच्या दारात आलेली. लई गुणाची पोर. बिड्या अशा वळायची, की कारखान्यात माल तपासणारा तिचा बिड्यांचा कट्टा न उघडताच बाजूला ठेवायचा. त्या हातांवरच ती आमच्यात टिकून होती. "फुकट खात न्हाई मी, दादा," असं रोज एकदा तरी म्हणायची.

ते म्हणणंसुद्धा मला टोचायचं. का? तर ती माझ्या घरात — त्या केडगावच्या — मावत नव्हती म्हणून. हसू नकोस.

घर बांधता बांधता माझ्या बिड्या सैल पडायला लागल्या. तोंडं दुमडायची राहायची. कारखान्यात चारचौघींसमोर माझा माल बाद झाला, वर बोलणी खाल्ली. आता? स्वप्न सोडायचं, नाहीतर काम घालवायचं. मी तिसरंच केलं. शेवंता पाण्याला गेली, की माझे सैल कट्टे तिच्या फडक्यात बांधायचे आणि तिचे माझ्यात. एकदा नाही — महिनाभर. तेही नेमानंच.

तिचा माल बाद होऊ लागला. बिचारी बोटं चोळत बसायची. "वहिनी, माज्या हाताला काय झालंय वो? वळताना तर नीट वळती मी!"

मी काय म्हटलं, माहितीये? म्हटलं, "ध्यान कुठंय तुजं? नवऱ्याची सपनं बघत असशील."

पोर पांढरीफटक पडली. मग तेच मी यांच्या कानावर घातलं — तिचं मन इथं रमत नाही, तिकडचीच ओढ आहे. भाऊच तो, बहिणीचा संसार सावरतोय म्हणून त्यांना बरंच वाटलं. आठ दिवसांत हे तिला काष्टीला घालून आले. निघताना माझा पदर धरून म्हणाली, "वहिनी, तुमी सांगा ना दादाला. मी न्हाई वो सपनं बघत." मी पदर सोडवून घेतला. खरं सांगू? हिसकलाच.

दिवाळीत ती एकटीच आली. उजव्या हाताची तीन बोटं वाकडी — पाट्यावर धरून ठेचली होती त्यानं. हे ओक्साबोक्शी रडले. मग मला म्हणाले, "ठिवून घेऊ का गं हिला?" एवढंच. माझ्या एका 'हो'वर होतं सगळं.

तिला ऐकू जाईल अशा बेतानं मी म्हटलं, "आता ह्या हातानं काय वळणार ती? बसून खायाला आपल्याकडं काय हाय?"

यांनी मान खाली घातली. शेवंता आपणहून उठली, डाव्या हातानं पिशवी उचलली आणि पुढच्या एस.टी.नं परत गेली. वाईट वाटलं म्हणून सांगू? नाही वाटलं. हायसं वाटलं.

गेल्या वर्षी ती वारली. तेराव्याला मी गेले होते. तिची सून माझ्या पाया पडून म्हणाली, "तुमचं नाव घेतल्याबिगर त्यांचा दिस जायचा न्हाई. म्हनायच्या, वहिनीनं लई सांभाळलं, माजेच हात नालायक निघाले."

मी तिला आशीर्वाद दिला. पानावर जाऊन बसले आणि पोटभर जेवले.