सुवर्णमध्य शोधणारे सासरे

माझ्या सासऱ्यांइतका सखोल विचार करून वागणारा, आणि म्हणूनच कुठेही वेळेवर न पोचणारा माणूस अख्ख्या ऑकलंडमध्ये सापडणार नाही. पुण्यात तीस वर्षं त्यांनी कॉलेजात ग्रीक नीतिशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर इथल्या उन्हाळ्यात ते आमच्या हिल्सबरोच्या घरी येत, तेव्हा वर्ग म्हणून त्यांना आम्हीच उरायचो. प्रत्येक सद्गुण दोन दुर्गुणांच्या मधोमध असतो आणि तो मध्य पुस्तकात नाही, शहाण्या माणसाचं वागणं पाहून शिकायचा, हे त्यांचं लाडकं सूत्र. त्यामुळे कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेले की दुकानदार शहाणा आहे का याची तपासणी व्हायची आणि आमचा चहा तासभर लांबायचा. समुद्रावर भ्याडपणा आणि अविचार यांच्या मधलं धैर्य म्हणून ते बरोबर गुडघाभर पाण्यात उभे राहायचे. भरती आली की धैर्यासकट मागे सरकायचे. "अहो, पोहा तरी, नाहीतर बाहेर तरी या!" सासूबाई काठावरून ओरडायच्या.

दोन वर्षांपूर्वी आमची लेक ईरा, तेव्हा अकरा वर्षांची, सायकलवरून रडत घरी आली. समोरच्या तापट म्हाताऱ्याच्या नव्या गाडीवर तिच्या हँडलनं लांबलचक ओरखडा उठला होता. कुणी पाहिलं नव्हतं. आत्ताच जाऊन सांगावं की त्याचा मूड बघून मग, यावर मी आणि बायको भांडू लागलो. आता व्याख्यान होणार म्हणून मी खुर्चीही ओढली. पण सासरे नुसते उठले. "चल, मी येतो बरोबर."

"आजोबा, विल ही शाउट?"

"ओरडेल बहुतेक. आपण ऐकून घेऊ."

तो ओरडलाच. मी खिडकीतून पाहत होतो. ईरा मान खाली घालून बोलत होती आणि सासरे तिच्या शेजारी, हात मागे बांधून उभे. शेवटी म्हातारा थांबला, ओरखड्यावरून अंगठा फिरवला आणि तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलला. परतताना ईरा आजोबांचं बोट धरून होती.

"काय हो, हे धैर्य की न्याय?" मी चिडवलं.

"कसलं काय! अर्ध्या वाटेतून परत फिरावंसं वाटत होतं मला," ते म्हणाले. "लहानपणी मी शेजाऱ्यांची काच फोडली, तेव्हा आई अशीच बरोबर आली होती. चौथी शिकलेली बाई."

यंदा डॉक्टरांनी त्यांना लांबचा प्रवास बंद केला. परवा ईरा शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "बाबा, मला एका फ्रेंडला सॉरी म्हणायचंय. आजोबा इथे असते तर बरोबर आले असते." मी उठलो. त्या फ्रेंडच्या घरापर्यंत आम्ही दोघं दहा मिनिटं चालत गेलो, आणि दारात मी ईराच्या शेजारी, हात मागे बांधून उभा राहिलो.