माहुलीवरची पंगत

कमलताईंना कुणी टोचून बोललं की त्या हसायच्या. ते हसू दिसलं की आम्ही कॅन्टीनवाले समजायचो, आता ह्या माणसाचं काही खरं नाही.

कोलशेतच्या एका कंपनीत त्यांचं कॅन्टीन होतं. नववीत शाळा सोडून मी जिंतूरकडून आलेलो. त्यांनी काम दिलं, कोपरीच्या आपल्या घरातला माळा झोपायला दिला. एका दुपारी माझ्या हातून आमटी अळणी झाली, तर सुपरवायझर परबसाहेबांनी ताट माझ्या छातीवर भिरकावलं.

"शाळा सोडलेल्यांना मीठपण कळत नाही!"

सगळे हसले. ताईही हसल्या. माझा शर्ट पुसला आणि दुसऱ्या दिवशी परबांना एक पापड जास्त वाढला.

"ताई, तुम्हीपण?" मला राहवलं नाही.

"राग उतू जाऊ द्यायचा नसतो रे सुदाम. विरजण लावायचं आणि झाकून ठेवायचं."

थंडीत कंपनीची सहल माहुलीगडावर गेली. पायथ्याचं गाव म्हणजे ताईंचं माहेर, त्यामुळे जेवण आम्ही पहाटे तिथंच केलं आणि डबे आधीच वर पोचलेले. चढता चढता ताई सांगत होत्या, "हा गड तेव्हा मोगलांच्या ताब्यात होता. आपल्या लोकांनी पहिल्या हल्ल्यात मार खाल्ला. म्हणून काय घरी बसले? परत आले नि घेतलाच!"

सांगताना त्या हसत होत्या. मी मागे वळून परब कुठवर आलेत ते बघितलं.

परब सगळ्यांच्या मागून, धापा टाकत महादरवाज्याशी आले तेव्हा पंगत बसली होती. ताईंनी पळी माझ्या हातात दिली.

"कमलताई, वाढा लवकर, जीव चाललाय."

"आज सुदाम वाढणार. पिठलं त्यानंच केलंय. मीठ बघा साहेब, कळतंय का."

कुणीतरी फिसकन हसलं. मी पुटपुटलो, "ताई, जाऊ द्या ना, माझी नोकरी जाईल."

"गप. कॅन्टीन माझं. तुला काढणारा तो कोण?"

परबांनी उभ्यानंच ताट पुढे केलं. "सुदाम, वाढ."

"सुदामभाऊ," ताई म्हणाल्या.

पंगतीतले हात थांबले. परबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"सुदामभाऊ... वाढा."

मी वाढलं. सावकाश वाढलं.

गेल्या वर्षी ताई गेल्या. तेराव्याला परब कोपरीला आले. शेजारच्याला सांगत होते, "बाई तशी चांगली. पण खुनशी हो! आणि अडाण्यांना डोक्यावर बसवायची."

वाढता वाढता मी ते ऐकलं. हसलो, आणि त्यांच्या ताटात एक पापड जास्त वाढला.