आधी बोल, मंग गोळा भर

चहा गार होऊ देऊ नका, बसा निवांत. आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाले, पण त्या परीक्षेच्या दिवशी म्या जो गाढवपणा केला, तो दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगतो. तसाही आमच्या भिलाई-3 वस्तीत तो आता सगळ्याईले माहीत आहे. परवा भाजीवालीनं कोथिंबीर देता देता विचारलं, "काका, वो बच्ची वाला किस्सा आपका ही है क्या?" म्या कोथिंबीर न घेताच परत आलो.

मी रिटायर माणूस. जन्मभर मालगाडी चालवली. आता त्याले लोको पायलट म्हणतात, आमच्या वेळी ड्रायव्हरच म्हणत.

आमच्या खालच्या घरात सुलोचना राहते. नवरा गेला, शिवणकामावर दोन पोरी वाढवून राहिली. थोरली जान्हवी, तेव्हा पाचवीत होती. तिले सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेले बसवलं होतं. निवड झाली तं बारावीपर्यंत राहणं, खाणं, पुस्तकं, सारं सरकारचं. अन् ही परीक्षा पाचवीतच देता येते, एकदाच. हुकली म्हणजे हुकली. सुलोचना मले म्हणे, "काका, एवढं जमलं ना, तं पोरीचं सोनं होईन."

पोट्टी मोठी हुशार. तोंडी विचारा, गणितं फाडफाड सोडवते. पण सरावाचा पेपर दिला की बोंब! कारण काय, तं उत्तर लिहायचं नसते, गोळा काळा करायचा असते. ही एखादा अवघड प्रश्न सोडून पुढं जाय अन् पुढच्याचं उत्तर त्या सोडलेल्याच ओळीत भरे. तिथून खालचे सारे गोळे एक ओळ वर सरकले. डोक्यात सारं बरोबर, कागदावर सारं चूक. सुलोचना रडकुंडीले आली.

म्या तो कागद पाहिला अन् मांडीवर थाप मारली. "अरे, हे तं बाजूच्या लाइनचा सिग्नल घेणं झालं!"

समजून घ्या. यार्डात चार-सहा लाइनी बाजूबाजूनं असतात, अन् सगळ्याईचे सिग्नल एका रांगेत. ड्रायव्हरनं शेजारच्या लाइनचा हिरवा आपला समजून गाडी काढली की संपलं. म्हणून आमचा नियम: सिग्नल दिसला की हात वर करून मोठ्यानं बोलायचा. बाजूचा असिस्टंट स्वतः पाहणार अन् तोच परत बोलणार. मंगच गाडी पुढं. जन्मभर म्या हेच केलं, अन् एकदाही चुकलो नाही.

तं म्या ठरवलं, पोट्टीले हेच शिकवायचं. असिस्टंट पाहिजे होता, तो मिळाला शेजारचा आयुष. तोही त्याच परीक्षेले बसून राहिला होता. दोघाईले समोरासमोर बसवलं. जान्हवी हात वर करून म्हणे, "सतरा, ब!" आयुष तिचा कागद पाहून म्हणे, "सतरा, ब!" मंगच गोळा काळा. मंग त्याची पाळी. असिस्टंट परत बोलल्याशिवाय पेन कागदाले लागलं नाही पाहिजे. नियम म्हणजे नियम.

काय सांगू, जादू झाली! एक गोळा इकडचा तिकडं होईना. सुलोचनानं मले साबुदाण्याची खिचडी आणून दिली. माझी छाती अशी फुगली की मी सिविक सेंटरच्या बाजारात चहा प्यायले गेलो तरी अनोळखी लोकाईले पकडून सांगून राहिलो, शिक्षणात रेल्वेची पद्धत कावून आणत नाही म्हणून.

आमची मंडळी मात्र पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, परीक्षेत मोठ्यानं बोलू देतीन का पोराईले?"

"तिथं मनातल्या मनात म्हणतीन. एवढं तं समजते त्याईले."

समजते? सांगितलं होतं का कोणी? म्या म्हटलं, आत्ताच मनात बोलायले लावलं तं सवय कच्ची राहीन. शेवटी सांगू. अन् शेवटी सांगायचंच राहून गेलं. हे असं आहे पाहा. सरळ विसरलो.

परीक्षेचा दिवस आला. सेंटर भिलाईतल्याच एका शाळेत. जान्हवी अन् सुलोचनाले मी स्कूटरवर घेऊन गेलो. आयुषले त्याचा बाप सोडून ड्यूटीवर गेला. दोघाईचे फॉर्म एकदमच भरलेले, म्हणून नंबरही मागंपुढं अन् वर्गही एकच. मले वाटलं, चला, शुभशकुन.

पेपर सुरू झाला. आम्ही सारे पालक गेटबाहेर. वर्गाच्या खिडक्या रस्त्याकडं. मी चहाचा कप घेऊन चार जणाईले माझी पद्धत समजावून राहिलो होतो, अन् आतून आवाज आला, "पाच, क!"

मागोमाग पोराचा, "पाच, क!"

आता खरं सांगतो, लपवत नाही. मले पहिले अभिमान वाटला. म्या सुलोचनाले म्हटलं, "ऐकलं? आवाज कसा ठणठणीत!"

सुलोचनाचा चेहरा पांढराफटक. "काका, आत बोलू देतात का?"

मंग माझ्या डोक्यात उजेड पडला. एक पालक ओरडला, "अंदर कोई आंसर बता रहा है!" दुसरा म्हणे, "मेरा बेटा भी उसी कमरे में है!" गेटवर गोंधळ. तेवढ्यात चपराशी आला अन् त्यानं विचारलं, "जान्हवी के साथ कौन आया है?"

आत्ताच माझं भाषण ऐकलेले चारही जण माझ्याकडं वळले. धरणी दुभंगून पोटात घेईन तं बरं, असं झालं मले.

आत सेंटरच्या मोठ्या मॅडम बसल्या होत्या. टेबलावर दोघाईच्या उत्तरपत्रिका. जान्हवी खाली मान घालून उभी, आयुष माझ्या मागं.

"ये क्या तरीका है नकल का?"

"मॅडम, नकल नहीं है. ये तो रेल्वे का नियम है. हम लोग सिग्नल देखके ऐसे बोलते हैं," असं म्हणून म्या हात वर केला अन् दाखवलं, "सिग्नल हरा!"

मागून आयुष तेवढ्याच जोरात, "सिग्नल हरा!"

मॅडमनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मंग त्याईनं दोन्ही उत्तरपत्रिका बाजूबाजूले ठेवून पाहिल्या. दोघाईचे प्रश्नसंच वेगळे होते. आयुष बोलला जान्हवीचं, पण भरलं होतं स्वतःचं. एकाचं उत्तर दुसऱ्यात उतरलेलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "नकल तो नहीं है. बेवकूफी है. और बच्चों की नहीं है."

म्या मान हलवली.

आयुषले दुसऱ्या वर्गात पाठवलं. जान्हवीले व्हरांड्यात वेगळं टेबल दिलं अन् चपराशाले बाजूले बसवलं. मले गेटबाहेर काढलं. म्या म्हटलं, चला, निभावलं.

कुठलं निभावलं! थोड्या वेळानं चपराशी परत आला. "काका, चलिए. बच्ची लिख नहीं रही है."

जाऊन पाहतो तं जान्हवी पेन वर धरून बसलेली. डोळ्यात पाणी. हळूच म्हणे, "सहा, ड," अन् चपराशाकडं पाहे. तो बिचारा मॅडमकडं पाहे.

"काका, हे परत म्हणतच नाही. मंग मी कशी भरू?"

घड्याळ पळून राहिलं होतं, अन् ही पोट्टी माझा नियम पाळून राहिली होती. म्या म्हटलं, "बेटा, आता मनातच म्हण अन् भर."

"अन् चुकलं तं? तुम्हीच म्हणत होते ना, एकट्याले आपली चूक दिसत नाही?"

मॅडमनं तिले घड्याळ दाखवलं अन् मले रस्ता.

बाहेर सुलोचना नालीच्या कठड्यावर बसली होती. मले पाहून तिनं तोंड फिरवलं. चार शिव्या दिल्या असत्या तं बरं वाटलं असतं. तिच्या बाजूले बसायची माझी हिंमत झाली नाही, मी स्कूटरजवळच उभा राहिलो. त्यानंतर निकाल लागेपर्यंत मी जिना उतरताना चपला हातात घेऊन उतरत होतो. हसू नका, खरंच.

अन् निकाल लागला. जान्हवीची निवड झाली! आयुषचीही झाली!

सुलोचना अंगणात रडूनही राहिली अन् हसूनही राहिली. मीही पेढे घेऊन खाली उतरलो, चपला घालून, खाडखाड आवाज करत. लाज कुठं गेली म्हणता? पेढे आणता आणता रस्त्यातच सांडली. सारी गल्ली जमली होती. म्या जान्हवीले समोर उभं केलं.

"सांग बेटा सगळ्याईले, गोळे बरोबर कशानं आले?"

"प्रवेशपत्रानं."

"काय प्रवेशपत्रानं?"

"परत बोलायले कोणी नव्हतं ना, म्हणून म्या प्रवेशपत्र ओळीच्या खाली आडवं धरलं. एक गोळा झाला की खाली सरकवलं. मंग चुकतच नाही, काका."

आयुष म्हणे, "म्या तं पट्टी धरली होती."

आमची मंडळी पदर तोंडात कोंबून आत पळाली. मी पेढ्याचा डबा घेऊन उभा.

सुलोचनालेच माझी कीव आली असावी. जवळ येऊन म्हणाली, "काका, धाकटीही पाचवीत गेली की बसणार आहे बरं परीक्षेले. तुमची मदत लागीन."

माझी छाती पुन्हा फुगायले लागली. म्या म्हटलं, "कवापासून शिकवू?"

"शिकवू नका, काका. फक्त स्कूटरवर सोडून द्या. गाडी तुम्ही मोठी छान चालवता."