सोमवारे सर

सोमवारी सकाळच्या तासाला आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी स्वतःहून शिकवायला सुरुवात केल्याचे मला आठवत नाही. धुळ्याहून पहिल्या एस.टी.ने ते जळगावला येत आणि थेट वर्गात शिरत. पिशवी टेबलावर ठेवून ते एकदा सगळ्यांवरून नजर फिरवीत आणि विचारीत, "हं, घरून काय आणलंय?" पहिल्याच सोमवारी यावलच्या एका मुलाने निमूटपणे डबा उघडून दाखवला. "भरीत-पुरी, सर." वर्ग हसला. सर मात्र पुढे झाले, वाकून त्यांनी वास घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "उत्तम. हे मधल्या सुट्टीत. मला प्रश्न हवाय. घरचा."

मग त्यांनी नियम सांगितला. आठवडाभरात वर्गात जे शिकवले, त्यातले काहीतरी रविवारी घरी कोणालातरी सांगायचे. आई, काका, शेजारी, कोणीही चालेल. फक्त तो माणूस विज्ञान शिकलेला नसावा. ऐकून त्याने जो प्रश्न विचारला, तो सोमवारी वर्गात मांडायचा, आणि तोही त्याच्याच बोलीत. पहिला मान सर स्वतःकडे घेत. धुळ्याला त्यांची थोरली बहीण होती. आईच्या माघारी तिनेच त्यांना वाढवले होते. तिला ते अक्का म्हणत. "अक्का विचारते," ते अहिराणीतच सांगत, "'माठमानं पानी गार व्हस, मग त्यानी गरमी जास कोठे?' सांगा बरं." आम्ही पाठ्यपुस्तकात माठ शोधू लागायचो. काही आठवड्यांतच मुलांनी त्यांचे मूळ आडनाव रद्द करून 'सोमवारे' असे नवे बहाल केले. सरांना ते कळले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "रविवारे नाही ना ठेवलं? मग ठीक आहे."

वरणगावच्या एका मुलाने एकदा एस.टी.तच प्रश्न बनवून आणला. "सर, तापमान वाढवल्यास अभिक्रियेच्या वेगावर कोणता परिणाम होईल?"

"कोणी विचारलं हे?"

"वडिलांनी, सर. दारूगोळ्याच्या फॅक्टरीत आहेत."

"ते घरी 'अभिक्रिया' म्हणतात?"

मुलगा छताकडे बघत म्हणाला, "नाही सर. ते फॅक्टरीतलं घरी बोलत नाहीत आणि घरी आईसमोर काहीच बोलत नाहीत."

"मग आईलाच सांग. ती नक्की विचारेल," सर म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे वळले. तो पुढच्या सोमवारी खरोखरच आईचा प्रश्न घेऊन आला आणि तासाचा निम्मा भाग त्यावरच गेला.

स्टाफरूममध्ये यावरून कुजबुज असे. "तुमचा पोर्शन पूर्ण कधी होणार?" असे त्यांना तोंडावर विचारले जाई. सर तो सकाळी सातच्या जादा तासांत पूर्ण करीत आणि त्याचा उच्चार करीत नसत. त्यांचे म्हणणे साधे होते. "जे घरी सांगता येत नाही, ते पाठ झालेलं असतं, समजलेलं नसतं." मी पुढे या वाक्याची बरीच तपासणी केली. मला स्वतःला त्याला अपवाद सापडला नाही. आमच्यापैकी बहुतेक जण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले होते. इतर वर्गांतून मुली वर्षाच्या मध्येच दिसेनाशा होत. सरांच्या वर्गातून तुलनेने कमी. माझ्याजवळ आकडे नाहीत, फक्त निरीक्षण आहे, आणि त्याचे कारण मला बऱ्याच उशिरा कळले.

माझे घर असोद्याचे. रविवारी संध्याकाळी चुलीपुढे माय भाकरी थापे आणि मी लाकडाच्या पाटावर बसून तिला रसायनशास्त्र सांगे. आबा बाहेर ओट्यावर ट्रान्झिस्टर लावून बसलेले असत. त्या वेळी त्याचा आवाज कमी होई, याकडे माझे लक्ष होते. पण त्यावरून मी कोणताही निष्कर्ष काढला नव्हता. एका रविवारी मी उलट-सुलट दोन्ही दिशांनी चालणाऱ्या क्रियांविषयी सांगितले. माय ऐकत होती. हातातली भाकरी तव्यावर टाकून तिने विचारले, "कच्च्या केयाचं पिकेल केयं होतं. मंग पिकेल केयाचं परत कच्चं काहून होत नही?"

सोमवारी मी तो केळ्याचा प्रश्न तिच्याच बोलीत, तसाच सांगितला. सरांनी खडू खाली ठेवला. "पिकणं ही परत फिरणारी क्रिया नाही, एवढं आईंना सांग. पण का नाही, याचं धड उत्तर पुढच्या शिक्षणात आहे. घाईचं उत्तर मी देऊ शकतो. ते तुलाच पटणार नाही."

घरी मी हा निरोप दिला. माय म्हणाली, "म्हंजे सराले येतं, तुले अजून येत नही."

"हो."

"मंग शीक." आणि तिने पुढचा गोळा हातात घेतला.

बी.एस्सी. झाले. पुण्याला एम.एस्सी.साठी मला प्रवेश मिळाला आणि त्याच आठवड्यात यावलकडचे एक स्थळ आले. केळीच्या बागा, शिकलेला मुलगा, नाव ठेवायला कोठे जागा नव्हती. आबा म्हणाले, "बी.एस्सी. झालं ना? पुरे झालं." माझ्या दृष्टीने हे एका वाक्यात सगळे संपणे होते. मी जळगावला गेले आणि सरांना म्हटले, "सर, तुम्ही घरी या. तुमचा शब्द आबा मोडणार नाहीत."

"म्हणूनच येणार नाही," सर म्हणाले. "मी आलो तर ते माझ्या वयाला 'हो' म्हणतील. माझी एस.टी. सुटली की तो 'हो' पण सुटेल. तुला दोन वर्षं पुरेल असा 'हो' पाहिजे. तो घरातूनच यायला हवा."

मला फार राग आला. तीन वर्षे ज्याने घरापर्यंत विज्ञान पोचवले, तो माणूस ऐन वेळी उंबऱ्याशी थांबला, असे मला वाटले. मी नमस्कार न करता निघाले.

त्या रविवारी मी चुलीपुढे बसले, पण बोलले नाही. माय म्हणाली, "आज काही सांगत नही?"

"कॉलेज संपलं, माय. आता सोमवार नाही."

ओट्यावरचा ट्रान्झिस्टर बंद झाला. आबा दारात येऊन उभे राहिले. तीन वर्षांत त्यांनी मला अभ्यासातले एक अक्षरही विचारले नव्हते. "मंग त्या केयाचं काय झालं?" ते म्हणाले.

"कोणत्या?"

"तुह्या मायनं इचारलं व्हतं ते. परत कच्चं काहून होत नही."

मायनेच उत्तर दिले. "ते पुढच्या शिक्षनात आहे म्हने. पुन्याले."

आबा आत येऊन जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते यावलच्या एस.टी.त बसले आणि दोन वर्षे थांबता येईल का, असे त्या मंडळींना विचारून आले. ती मंडळी थांबली नाहीत. मी पुण्याला गेले.

जाण्यापूर्वी सरांना सांगायला गेले. त्यांनी फक्त एकच विचारले, "विषय कोणी काढला?"

"आबांनी."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला आणि म्हणाले, "बठ्ठं जमनं." सगळे जमले. माझ्याशी अहिराणीत ते एवढेच बोलले.

दिवाळीत मी उत्तर घेऊन घरी आले. चुलीपुढे बसून मायला सविस्तर समजावले. तिने शेवटपर्यंत ऐकले. "एवढ्यासाठी पुन्याले जा लागलं?" असे म्हणून तिने लगेच दुसरा प्रश्न विचारला. ओट्यावर आबा हसल्याचे मला ऐकू आले.

मी कॉलेजात शिकवण्याच्या नोकरीला लागले त्या वर्षी सर निवृत्त होऊन धुळ्याला गेले आणि पुढच्याच हिवाळ्यात वारले. मला उशिरा कळले. मी धुळ्याला पोचले तेव्हा अक्का एकट्याच ओसरीत बसल्या होत्या. मी नाव सांगितले; ते त्यांना ओळखीचे नव्हते. मी गाव सांगितले, तेव्हा त्यांनी मान वर केली.

"असोदानी? केयावाली पोर तूच शे का?"

आमचे प्रश्न सर शनिवारी धुळ्याला घेऊन जात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. अक्कांना सगळे प्रश्न पाठ होते, वरणगावच्या आईचासुद्धा. त्या म्हणाल्या, "तुना आबा हो म्हनतीन का नही, म्हनीसन भाऊ नीट जेवना नही त्या येले. मी म्हनू, जाय ना मग, सांगी ये. तर म्हने, नही अक्का, मी गऊ तर पोरनं घर मांगे राही जाई."

मी गेलो तर पोरीचे घर मागे राहून जाईल. सर उंबऱ्याशी का थांबले आणि त्यांच्या वर्गातल्या मुली का टिकल्या, हे मला त्या ओसरीत कळले.

आत खुंटीवर सरांचा प्रयोगशाळेतला पांढरा कोट टांगलेला होता. अक्का त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "कितला दाव धोया, तरी त्याले त्याना लॅबना वास येस. असं काबर व्हस? भाऊ ऱ्हाता तर इचारती. आते सोमवारले मना प्रश्न कोन ली जाई?"

कितीदा धुतले तरी वास का राहतो, धाग्यांच्या पृष्ठभागाला रेणू कसे धरून राहतात, हे मला माहीत होते. मी सांगितले नाही. म्हटले, "मी नेते, अक्का."

सोमवारी सकाळी मी माझ्या वर्गात गेले. पिशवी टेबलावर ठेवली. नव्या मुलांनी वह्या उघडल्या. त्या मिटायला सांगून मी म्हटले, "आधी माझ्या घरचा प्रश्न."